दावणीचा इतिहास : खानदेशातली गाय, मेंढी आणि वैरण



इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की किल्ला, लढाई, सनद यांची अपेक्षा असते. सोनगीरला तर किल्ला डोक्यावरच उभा आहे, आग्रा रस्त्यावर नजर ठेवणारा. फारुकी, मोगल, मराठे आणि 1818 मध्ये इंग्रज, सगळ्यांना तो हवा होता. पण आज आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशीच थांबणार आहोत. वर राहणाऱ्यांची नावं कागदावर उरली. खाली दावणीला जी ढोरं होती त्यांची नोंद कुणी केली नाही. तरीही बैल चालला म्हणून शेत पिकलं, शेत पिकलं म्हणून सारा भरला गेला आणि सारा भरला गेला म्हणून किल्ल्याला दाणागोटा मिळाला. तेव्हा आजचा प्रश्न साधा आहे. या मुलखातली गाय आणि मेंढी काय खात आली, त्यातून तिचं अंग किती भरलं आणि दूध किती आलं?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सवयीनं ॲरिस्टॉटलकडे जातो. तो कुठल्याही गोष्टीबद्दल विचारायचा की ही कशासाठी आहे? वनस्पती जनावरांसाठी आणि जनावरं माणसांसाठी, असं तो ‘पॉलिटिक्स’मध्ये सांगून मोकळा झाला. आम्हाला ते उत्तर घाईचं वाटतं, पण प्रश्न कामाचा आहे. गाय कशासाठी, याचं उत्तर खानदेशात वेळोवेळी बदलत गेलं आहे. उत्तर बदललं की गव्हाणीतला चारा बदलायला हवा. तो बदलला का, हे आपण पाहू.

त्याआधी थोडं पोटाचं शास्त्र. गाईच्या किंवा मेंढीच्या पोटातला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. कडबा, गवत, काडी हे आपल्याला पचत नाही, आणि खरं तर गाईलाही थेट पचत नाही. ते सूक्ष्मजीव पचवतात आणि गाय त्यांच्यावर जगते. म्हणजे गाईला खायला घालणं याचा अर्थ आधी त्या सूक्ष्मजीवांना खायला घालणं. त्यांना नुसती काडी चालत नाही, सोबत प्रथिनं लागतात. चाऱ्यात साधारण सात टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की ते उपाशी पडतात, काडी पोटात पडून राहते आणि जनावराचं खाणंच कमी होतं. आपल्या ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं असतात तीन-चार टक्के. म्हणून उन्हाळ्यात फक्त कडब्यावर ठेवलेली गाय पोट गच्च भरलेलं असूनही उपाशी असते. बरगड्या दिसतात, पोट सुटलेलं दिसतं. आपण म्हणतो, ‘खाते तर भरपूर, पण अंगी लागत नाही.’ ते अगदी बरोबर निरीक्षण आहे.

आता तिचा जमाखर्च. चारशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे पाणी वजा करून. त्यातला पहिला खर्च नुसतं जगण्याचा: श्वास, चालणं, अंगाची ऊब. उरलं तर वाढ, गर्भ आणि दूध. व्यायल्यावरचे पहिले काही आठवडे मात्र गाय हा हिशेब मोडते. खाणं पुरलं नाही तर स्वतःची चरबी आणि स्नायू झिजवून दूध देते. कालवड असताना तिला नीट खायला मिळालं नसेल तर झिजवायला अंगात काही नसतं. म्हणजे आजच्या दुधाचा हिशेब चार वर्षांपूर्वीच्या वासराच्या पेल्यापासून सुरू होतो.

एवढं लक्षात ठेवून इतिहासाकडे वळू.

खानदेशाच्या आठवणीत पहिले येतात ते अहिर, म्हणजे प्राचीन आभीर. गुरं राखणारे लोक. आपली अहिराणी त्यांचंच नाव सांगते. पण आभीर नुसते गुराखी नव्हते. तिसऱ्या शतकात नाशिकच्या पांडवलेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला शिलालेख कोरला गेला. त्यात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेव म्हणून व्यावसायिकांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे, आणि त्या श्रेणींमध्ये तेल गाळणाऱ्यांचीही एक श्रेणी आहे. लेख औषधाबद्दल आहे, ढोरांबद्दल नाही. पण जिथे घाणा, तिथे ढेप. तेल माणसाचं आणि चोथा जनावराचा, ही वाटणी फार जुनी असली पाहिजे.

त्यानंतरच्या शतकांत ‘गाय कशासाठी’ याचं आपल्याकडचं उत्तर होतं: बैलासाठी. तापीकाठची खिल्लार आठवा. जनावरांच्या जातींच्या वर्णनात तिला ‘तापी खिल्लारी’ किंवा ‘थिल्लारी’ म्हणतात. पांढरी, ताठ, लांब शिंगांची, पायाला चपळ. तिचे पैदासकार थिल्लारी हे धंदेवाईक गोपालक. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालणारा बैल निवडला. दूध निवडलं नाही. खिल्लार गाय वासरापुरतं दूध देते आणि थोडं घरात, हा तिचा दोष नव्हे. तिच्याकडे मागणंच ते होतं. सगळं दूध गोऱ्ह्याला पाजलं तर तो अडीच-तीन वर्षांत जुवाखाली येईल, हा हिशेब होता. वसुबारसेला आपल्या बायका दूध-तूप वर्ज्य करतात. श्रद्धेचा भाग वेगळा, पण त्यामागची आठवण आम्हाला शहाणपणाची वाटते. दूध मुळात वासराचं आहे, हे माणूस वर्षातून एक दिवस तरी कबूल करतो.

मेंढी कशासाठी? खत आणि घोंगडी. इंग्रजी गॅझेटियरांनी सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर इथल्या जाड्याभरड्या घोंगड्यांचीही नोंद केली आहे. तांबटाची हातोडी आजही सगळ्यांना आठवते, घोंगडीचा माग कुणाला आठवत नाही. त्या घोंगडीमागे होता काळ्या लोकरीचा दख्खनी कळप. ठेलारी धनगर पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन निघतात. पीक निघालेल्या शेतात रात्री कळप बसवायचा, शेतकऱ्यानं धान्य किंवा पैसे द्यायचे. मेंढीला धसकटं, पाला, शेंगांची टरफलं मिळायची आणि शेताला लेंडी-मूत. दोघांनाही बाहेरून काही विकत आणावं लागत नव्हतं.

ही घडी विस्कटली ती एकोणिसाव्या शतकात, दोन बाजूंनी.

पहिली बाजू कापसाची. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा झाला, रेल्वे खानदेशात आली. कापूस वाढला म्हणजे बैल वाढले, आणि त्याच वेळी गवताची, ज्वारीची जमीन कापसाखाली गेली. खाणारे वाढले आणि ताट आकसलं. आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कमी लक्ष जातं. पूर्वी कापूस घरीच हातरहाटावर पिंजून सरकी घरात राहायची, ती ढोरांच्या गव्हाणीत जायची. जिनिंग आलं तसा कापूस सरकीसकट बाजारात गेला. सरकी तेलाच्या गिरणीत गेली आणि ढेप होऊन परत आली, पण आता रोख पैशानं. ज्याच्या शेतात प्रथिनं पिकत होती, त्यालाच ती विकत घ्यावी लागू लागली. सरकीच्या ढेपेत वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं. कडब्याची उणीव भरून काढणारी हीच नेमकी वस्तू. ती परवडेल त्याचं जनावर भरलं, बाकीच्यांचं रोडावलं.

दुसरी बाजू जंगलाची. 1878 च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली गेली. सातपुड्यात आणि पश्चिमेच्या डोंगरात जिथे गुरं आणि मेंढ्या चरायच्या तिथे परवाना, फी आणि कोंडवाडा आला. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो 1883 मध्ये पुरा झाला. त्यात गायरानं गेल्याची तक्रार आहेच, शिवाय एक सूचना आहे. सरकारनं परमुलखातून शेळ्यामेंढ्यांचं उत्तम बेणं आणावं, त्याची इथे पैदास करावी, त्यांच्या लेंडी-मुतानं शेतं सुपीक होतील आणि लोकरीचा शेतकऱ्याला फायदा होईल. नीट पाहा, फुले खत आणि लोकर म्हणतात, मांस किंवा दूध म्हणत नाहीत. मेंढीकडे त्या काळाची मागणी काय होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही.

मग दुष्काळ आले. 1896-97 चा आणि लगोलग 1899-1900 चा. दुष्काळात माणसाला धान्य गाडीनं आणता येतं. वैरण फार जागा अडवते, ती दूरवरून आणणं परवडत नाही. म्हणून माणसाआधी ढोरं गेली. वाचली ती कमी खाऊन तग धरणारी, लहान चणीची. 1926 ते 1928 या काळात शेतीविषयक रॉयल कमिशननं या देशातल्या गुरांची पाहणी केली आणि एक दुष्टचक्र मांडलं. जनावरं दुबळी म्हणून काम निघत नाही, काम निघत नाही म्हणून शेतकरी आणखी जनावरं ठेवतो, जास्त जनावरांमुळे प्रत्येकाच्या वाट्याचा चारा घटतो आणि ती आणखी दुबळी होतात. आमच्या मते तर्काच्या दृष्टीनं हा फार नेमका निष्कर्ष आहे. गाईंची संख्या वाढणं हे समृद्धीचं नव्हे, उपासमारीचं लक्षण असू शकतं.

स्वातंत्र्यानंतर उत्तर पुन्हा बदललं. आता गाय दुधासाठी. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बाएफ उभी केली आणि संकरित गाय शेतकऱ्याच्या दारात नेली. 1970 पासून दूध महापूर योजना आली. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. दूध वाढलं, घरात रोज किंवा आठवड्याला रोख पैसा आला, बाईच्या हातात थोडा तरी आला. ही मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवण्याचा आमचा विचार नाही.

पण गव्हाणीकडे पाहा. जात बदलली आणि चारा तोच राहिला, असं किती गोठ्यांत झालं! पंधरा लिटरची गाय विकत आणायची आणि तिला बैलाचा कडबा टाकायचा. ती पहिल्या वेतात अंग झिजवून दूध देते, नंतर वेळेवर माजावर येत नाही, गाभण राहत नाही. मग आपण म्हणतो, ‘गाय फसवी निघाली.’ आणि वासरू? नर असेल तर आज त्याला काम नाही. मादी असेल तरी सगळं दूध संकलन केंद्रावर जातं. व्यायल्यानंतर पहिल्या काही तासांत वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे, कारण रोगाशी लढण्याची ताकद त्याला त्यातूनच मिळते. खरवस आम्हालाही आवडतो. पण त्याची पहिली वाटी कुणाची, हे ठरलेलं असावं.

आता मेंढीचा शेवटचा अध्याय, आणि तो सगळ्यात उद्‌बोधक आहे. लोकरीचा बाजार बसला, घोंगडी गेली. मेंढी कशासाठी, याचं उत्तर झालं कोकरासाठी, म्हणजे मांसासाठी. दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी आणली. चण अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातलं एक जनुक संकरातून दख्खनी कळपात आणलं आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. गंमत अशी की ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनो मेंढ्यांतही हेच जनुक आहे. 1790 च्या दशकात कलकत्त्याहून जहाजानं गेलेल्या बंगाली मेंढ्यांतून ते तिकडे पोचलं, असं अभ्यासक मानतात. 2001 मध्ये ते नेमकं ओळखलं गेलं. फुले म्हणाले होते, परमुलखातून बेणं आणा. इथे उलट झालं होतं, आपलंच बेणं परमुलखात नाव मिळवून बसलं होतं.

पण जुळी झाली म्हणजे काम संपलं नाही. मेंढी पाच महिने गाभण असते आणि कोकराचं जन्माचं वजन बहुतेक शेवटच्या दीड महिन्यात भरतं. त्या दीड महिन्यात आईला खुराक नसेल तर जुळी अशक्त जन्मतात. जन्मल्यावर कोकरू एक किलोनं वाढायला साधारण पाच लिटर दूध लागतं. एका कोकराला पुरणारी कास दोघांत वाटली की दोघंही मागे पडतात. म्हणून जुळ्यांच्या आईला जास्तीचा चारा आणि थोडी ढेप द्यावी लागते. जो धनगर वर्षातले कित्येक महिने वाटेवर असतो, ज्याच्यासाठी कुरण बंद, पीक निघालेलं शेत बागायती झाल्यानं बंद आणि रस्त्यावर ट्रक, त्यानं हा खुराक कुठून आणायचा? जनुक प्रयोगशाळेतून येईल, वैरण तिथून येणार नाही.

तर मंडळी, एवढ्या फेऱ्यातून काय हाती लागलं? आम्हाला असं दिसतं की प्रत्येक काळानं जनावराकडे काहीतरी नवं मागितलं: बैल, खत, लोकर, दूध, जुळी कोकरं. मागणी बाजारानं, सरकारनं किंवा विज्ञानानं ठरवली. चाऱ्याचा भार मात्र दर वेळी गव्हाणीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या आणि धनगराच्या अंगावर पडला. जिथे तो कुणी उचलला नाही तिथे तो जनावराच्या अंगातून वसूल झाला. बरगड्यांतून, उशिरा माजावर येण्यातून, मेलेल्या वासरातून.

यावर उपाय अवघड नाहीत. मक्याचा मुरघास हिरवा चारा उन्हाळ्यापर्यंत टिकवतो. बांधावरचं सुबाभूळ, शेवरी कडब्यातली प्रथिनांची तूट भरतात. कडब्याची कुट्टी केली तर वाया कमी जातो. गायरान आहे त्या गावानं ते सांभाळलं तर मेंढीला वाट राहते. हे सगळं आपल्यातल्या अनेकांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आम्ही फक्त क्रम सुचवतो. बाजारात गाय बघायला जाण्याआधी स्वतःच्या गंजीकडे बघावं. किती चारा आहे, किती महिने पुरेल, त्यात प्रथिनं कुठून येतील, हे मांडावं. मग त्या चाऱ्याला पेलेल तेवढीच गाय आणावी.

ॲरिस्टॉटलच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर गाय काही प्रमाणात तिच्या वासरासाठीही आहे. तेवढं तिला सोडलं तर बाकीचं ती आजवर देत आली आहे, पुढेही देईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. समोरच्या मेंढपाळ मंडळींनी आधी बोलावं.