किण्व : मिळविणें आणि टिकविणें



घरच्या पावासाठीं लागणारें यीस्ट, ज्याला आपल्या शास्त्रीय पुस्तकांत किण्व म्हणतात, तें मिळविणें मनुष्याला फारसें कधीं कठीण गेलें नाहीं. भिजविलेल्या कणकेंत, द्राक्षाच्या सालीवर, माडाच्या रसांत तें आपण होऊन येतें. कठीण गेलें तें टिकविणें. कारण किण्व हें मिठासारखें निर्जीव द्रव्य नव्हे. तो सूक्ष्म जिवांचा समुदाय आहे, आणि जिवंत वस्तु बरणींत घालून फळीवर ठेवून चालत नाहीं. या साठवणीचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सर्वांत जुनी युक्ति आपल्या विरजणासारखी. कालच्या कणकेंतला एक गोळा मागें ठेवावयाचा आणि तो आजच्या कणकेंत मिसळावयाचा. यांत साठवण अशी नाहींच; रोजचें पोषण हेंच रक्षण. मात्र असा पाव किंचित् आंबूस होतो. बीअरच्या पिंपावर येणाऱ्या फेसानें तो अधिक हलका होतो, ही गोष्ट गॉल व इबेरिया येथील लोकांस माहीत असल्याचें रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें आहे.

या फेसावरून सतराव्या शतकांत पॅरिसमध्यें मोठा वाद माजला. मऊ पावासाठीं पाववाले तो वापरूं लागले, तेव्हां १६६८ सालीं तेथील वैद्यांच्या मंडळानें असा पाव प्रकृतीस अपायकारक ठरविला. १६७० सालीं पार्लमां या वरिष्ठ न्यायसभेनें मात्र परवानगी दिली, पण अट घातली कीं किण्व ताजें व पॅरिसकडचेंच असावें. ही अट फार मार्मिक आहे. फ्लांडर्सकडून पोत्यांत भरून येणारें किण्व उन्हाळ्यांत वाटेंतच नासत असे. वैद्य किण्वाच्या जातीवर वाद घालीत बसले. न्यायाधीशांनीं त्याचें वय विचारलें. स्वयंपाकघर त्यांनाच अधिक कळलें, असें म्हणावेंसें वाटतें.

इंग्लंडांत गृहिणी शेजारच्या बीअरवाल्याकडून भांडेंभर फेस आणीत. पण तो हवा तेव्हां मिळेलच असें नसे. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत यावर उपाय दिला आहे. किण्व मुबलक असेल त्या दिवसांत तें घुसळून पातळ करावें, मऊ कुंचल्यानें स्वच्छ लाकडी परातीस त्याचा पातळ लेप द्यावा, धूळ बसूं नये पण वारा लागावा अशा बेतानें परात पालथी ठेवावी, आणि एक लेप वाळला कीं त्यावर दुसरा द्यावा. असा दोनतीन इंच जाड थर झाला म्हणजे तो कित्येक महिने पुरतो. लागेल तेव्हां तुकडा कापून कोमट पाण्यांत भिजवावा. किण्व सजीव आहे हें श्वान व कान्यार द ला तूर यांनीं दाखविलें १८३७ सालीं, आणि पाश्चरनें तें पक्कें केलें १८५७ नंतर. पण जीव न मारतां त्याला निजवून ठेवण्याची विद्या त्या बाईंस शंभर वर्षें आधींच हस्तगत होती!

मोठा पालट झाला व्हिएन्ना शहरीं, आणि तोहि अडचणींतून. १८४० नंतर तेथील बीअरवाले थंड तळघरांतली नवी बीअर करूं लागले. तिचें किण्व वर फेसाळत नाहीं, तळाशीं बसतें, आणि पावास तें मानवत नाहीं. शेजाऱ्यानें आपला धंदा बदलला आणि पाववाल्यांचे हात रिकामे राहिले. त्यांच्या संघानें बक्षीस लाविलें. आडोल्फ इग्नाझ माउटनर यानें तें १८५० सालीं मिळविलें. धान्याच्या आंबवणावरचा फेस काढून थंड पाण्यांत धुवावयाचा, त्यांतलें पाणी दाबून काढावयाचें व घट्ट वड्या पाडावयाच्या, अशी ही रीत. किण्व आतां बीअरची उष्टावळ राहिलें नाहीं. केवळ पावासाठीं तें तयार होऊं लागलें. चार्ल्स फ्लायशमन यानें ही विद्या अमेरिकेंत नेली, १८६८ सालीं सिन्सिनाटी येथें कारखाना काढला, आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनांत लोकांसमोर पाव भाजून दाखविला. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्याच कंपनीनें सैन्यासाठीं थंडाव्याशिवाय टिकणारें दाणेदार कोरडें यीस्ट काढलें.

आपल्या बाजूस गोमंतकाची तऱ्हा वेगळी. पोर्तुगीजांनीं पावाची चाल आणली. पण बीअर कोठली? पोदेरांनीं माडाची सूर घेतली. सूर साठवितां येत नाहीं. सकाळीं गोड असलेली सूर दिवस चढतो तशी आंबते, आणि पुढें तिचा शिरका होतो. म्हणून ताजी सूर उतरविणारा रेंदेर आणि पाव भाजणारा पोदेर यांची गांठ नित्याची. आतां पुष्कळ पोदेर कारखान्याचें यीस्ट वापरतात, आणि सुरेच्या पावाची आठवण काढणारे हळहळतात. ती हळहळ मला रास्त वाटते.

आतां घरच्या वडीविषयीं. ती सुकी दिसली तरी तिच्यांत सुमारें ७० टक्के पाणी असतें. आंतले जीव आपल्याच अंगची शिदोरी खाऊन जगतात. उष्म्यांत ती लवकर सरते, मग ते मरून विरघळतात व वडी चिकट होते. म्हणून वडी कागदांत गुंडाळून, झांकणाच्या डब्यांत, शीतकपाटांत ४ अंशांच्या आसपास ठेवावी. दोनतीन आठवडे टिकते. चांगली वडी फिकट पिवळसर असते व बोटानें सहज भुरभुरते. तपकिरी, बुळबुळीत किंवा घाण वासाची टाकून द्यावी. बर्फाच्या कप्प्यांत ठेवल्यास कांहीं जीव मरतात, तेव्हां नाइलाजानेंच ठेवावी. कोरडें यीस्ट वापरणें झाल्यास ताज्याच्या निम्म्याहून कमी वजनाचें पुरतें.

शंका असल्यास मैदा भिजविण्यापूर्वीं थोडी वडी कोमट पाण्यांत चिमूटभर साखरेबरोबर कालवावी. पाणी बोटास चटका देणारें नसावें, आणि त्यांत मीठ घालूं नये. दहापंधरा मिनिटांत फेस आला तर पीठ चाळावयास घ्यावें. न आल्यास त्या दिवशीं भाकरीच थापावी.