कस्तुरबांचे डॉक्टर आणि वैद्य

मारेगावकडच्या एक मावशी हृदयाच्या आजारासाठी माझ्याकडे येतात. पायावरची सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी आणि जोडीला डिगॉक्सिन, असे त्यांचे उपचार चालू होते. एकदा आल्या तेव्हा हातपाय गळालेले, नाडी अनियमित. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं. गोळीचा डोस कमी केला, पोटॅशियमचं औषध दिलं, तरी आकडा वर येईना. तिसऱ्या खेपेला मुलगा सहज बोलून गेला की खोकल्यासाठी दीड महिन्यापासून घरी ज्येष्ठमधाचा काढा चालू आहे, सकाळ-संध्याकाळ.

ज्येष्ठमध बरेच दिवस पोटात गेला की पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो. आणि पोटॅशियम उतरलेल्या माणसाला डिगॉक्सिनचा नेहमीचा डोससुद्धा बाधू शकतो. "मावशी, आधी का नाही सांगितलं?" असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमी रागावसान म्हणून नाई सांगतलं."

खरं सांगायचं तर मी रागावलो असतोच. म्हणून ही जुनी गोष्ट सांगतो आहे.

वणीचे कितीतरी पेशंट वरोरा-हिंगणघाट मार्गे सेवाग्रामला जातात. तिथल्या दवाखान्याला कस्तुरबांचं नाव आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कस्तुरबांच्या शेवटच्या आजारात डॉक्टर आणि वैद्य दोघंही होते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या वेळी गांधीजी आणि कस्तुरबांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ते स्थानबद्ध होते. १९४३ संपता संपता बांचं हृदय साथ देईना; झटके आले, दम लागू लागला. उपचार करणारे दोन्ही डॉक्टर स्वतःही कैदीच होते. एक मुंबईचे नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर, दुसऱ्या तिशीच्या आतल्या डॉ. सुशीला नायर. यापेक्षा चांगली डॉक्टरी मदत त्या काळात कैद्याला मिळणं कठीण होतं.

तरीही बांना पुण्याचे निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता हवे होते, आणि एखादा वैद्यही. ही मागणी त्यांनी लपवली नाही. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना स्वतः सांगितलं, उत्तर आलं नाही तेव्हा गांधीजींच्या मागे लागल्या. जानेवारी १९४४ च्या अखेरीस गांधीजींनी सरकारला पत्रं लिहायला सुरुवात केली. सरकारने वेळ लावला. फेब्रुवारीत आधी दिनशा मेहतांना परवानगी मिळाली, मग लाहोरचे वैद्य पंडित शिव शर्मा आले.

शिव शर्मांना दिवसा आत येता येई, पण रात्री आत थांबायची मुभा नव्हती. पेशंटला रात्री कधीही गरज लागेल म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीतच झोपत. गांधीजींनी पुन्हा खरमरीत पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्यांना आत राहता आलं.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते डॉक्टरांचं वागणं. वैद्यांचे उपचार सुरू झाले तेव्हा गिल्डर आणि नायर यांनी आपले उपचार थांबवले. एकाची पुडी उशाखाली आणि दुसऱ्याची गोळी तोंडात, असा प्रकार नव्हता. कोण काय देतंय हे सगळ्यांना माहीत होतं. बदललेल्या उपचाराने काही बरंवाईट झालं तर त्याची जबाबदारी सरकारवर नाही, हेही गांधीजींनी लिहून दिलं होतं. १८ फेब्रुवारीला शिव शर्मांनी मोकळेपणाने सांगितलं की आपले उपाय संपले, यश येईल अशी खात्री देता येत नाही. त्याबरोबर दोन्ही डॉक्टरांनी उपचार पुन्हा हाती घेतले.

त्या काळी हे सोपं नव्हतं. मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्याने नोंदणी झाली ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची. वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा झाला १९३८ चा, आणि ज्या मंत्रिमंडळाच्या काळात तो झाला त्यात आरोग्य खातं होतं याच डॉ. गिल्डरांकडे.

बा वाचल्या नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी त्या गेल्या. शेवटी न्युमोनिया झाला होता. देवदास गांधींनी त्या वेळी अतिशय दुर्मिळ असलेलं पेनिसिलीन मिळवलं होतं, पण दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. त्यावर आजही वाद होतात. माझं मत विचाराल तर, आधी वैद्य मागितला होता बांनी स्वतः. हा निर्णय मात्र बाप-लेकांच्या बोलण्यात झाला, हे मला खटकतं. पण त्या काळजी घेणाऱ्या माणसांना इथे बसून दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

डॉ. सुशीला नायर यांनी पुढे सेवाग्रामचा दवाखाना उभा केला, १९६९ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज सुरू केलं.

मावशींचा काढा बंद केल्यावर पोटॅशियम हळूहळू जागेवर आलं. आता मी प्रत्येक पेशंटला औषधं लिहिण्याआधीच विचारतो: काढा, चूर्ण, भस्म, होमिओपॅथीच्या गोळ्या, कुणी दिलेली बिनानावाची पुडी, काय काय चालू आहे? साखरेच्या गोळ्यांबरोबर कारल्याचा रस असेल तर साखर एकदम उतरू शकते. भस्मात कधी शिसं निघतं. सांधेदुखीच्या पुडीत कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि ती अचानक बंद करणंही धोक्याचं ठरतं. म्हणून पुडी सापडली की मी ती फेकायला सांगत नाही, घेऊन या म्हणतो.

मावशी परवा आल्या तेव्हा पिशवीतून त्यांनी गोळ्यांच्या पाकिटांसोबत एक बाटली काढून टेबलावर ठेवली. अडुळशाचं सरबत होतं. मी लेबल वाचलं, त्यातही ज्येष्ठमध होता.