ऱ्हाईनचं खारं पाणी

पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवल्यामुळे नदीवरच्या भांडणांकडे माझं आपसूक लक्ष जातं. ऱ्हाईनचं भांडण मला विशेष आवडतं, कारण त्यात कुणीच साधुसंत नव्हता.

स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी 1950 साली बाझलमध्ये आयोग नेमला. अडचण मिठाची होती. आल्सासमधल्या पोटॅशच्या खाणी टाकाऊ मीठ नदीत सोडत आणि शेवटच्या टोकाला डच बागायतदारांची रोपं करपत. 1976 मध्ये करार झाला: मीठ जमिनीत जिरवायचं आणि खर्च वाटून घ्यायचा. त्यात नेदरलँड्सचा वाटा 34 टक्के, खाणवाल्या फ्रान्सचा 30! नुकसान सोसणाऱ्यानेच जास्त पैसे मोजायचे. एवढं होऊनही आल्सासच्या लोकांनी विरोध केला आणि करार लागू व्हायला 1985 उजाडलं.

पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबरला, बाझलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं, प्रवाह लाल झाला, वाम मासे टनावारी मेले. मग मात्र चक्रं भराभर फिरली. आयोगाच्या 1987 च्या कार्यक्रमात उद्दिष्ट ठेवलं ते कुणालाही कळेल असं: 2000 पर्यंत सामन मासा नदीत परतला पाहिजे. तो परतलाही, पण बाझलपर्यंतची वाट धरणांमुळे अडलेलीच राहिली.

आगीने घाई लावली हे खरं. पण घाईच्या वेळी बसायला छत्तीस वर्षांची जुनी बैठक तयार होती, हे मला जास्त मोलाचं वाटतं.