पिकअपचं डिफरन्शियल घुमतंय? पिनियनचं पुढचं बेअरिंग बदलण्याआधी हे वाचा

नारायणगावला टोमॅटो आणि ओतूरला कांदा पोचवणाऱ्या पिकअपला हंगामात एक दिवसाची सुट्टी परवडत नाही. त्यामुळे गाडीच्या मागून 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला, तरी चालक गाण्यांचा आवाज वाढवतो आणि 'हंगाम संपल्यावर बघू' म्हणतो. हा आवाज बऱ्याचदा डिफरन्शियलमधल्या पिनियनच्या पुढच्या बेअरिंगचा असतो. वेळेत हात घातला तर बेअरिंग, सील, ऑइल आणि मजुरी एवढ्यावर भागतं. उशीर झाला तर क्राऊन-पिनियनची अख्खी जोडी जाते, आणि घाटात भरल्या गाडीची मागची चाकं जाम झाली तर प्रश्न पैशांचा उरत नाही.

पुढचं बेअरिंग म्हणजे नेमकं कोणतं?

मागच्या एक्सलच्या मधोमध जो गोळा दिसतो, ज्याला बरेच जण नुसतं 'हाउसिंग' म्हणतात, त्यात डिफरन्शियल बसलेलं असतं. गिअरबॉक्सकडून आलेला प्रोपेलर शाफ्ट पिनियन फिरवतो, पिनियन मोठं क्राऊन फिरवतं आणि तिथून ताकद दोन्ही चाकांना जाते. यात मुख्य टेपर रोलर बेअरिंग चार. दोन क्राऊनच्या डाव्या-उजव्या बाजूला, दोन पिनियनवर. पिनियनवरचं एक आत, दातांना लागून असतं. दुसरं पुढे, शाफ्टच्या फ्लँजजवळ, ऑइल सीलच्या मागे. तेच पुढचं बेअरिंग.

चाकाचा एक फेरा होतो तेव्हा पिनियनचे साधारण चार होतात. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर चाक मिनिटाला चारशे-साडेचारशे वेळा फिरतं आणि पिनियन सोळाशे ते अठराशे वेळा. त्यात पुढच्या बेअरिंगची जागा अडचणीची. क्राऊन फिरताना उडवलेलं ऑइल एका वाटेने तिथपर्यंत पोचतं. ऑइलची पातळी खाली गेली की सगळ्यात आधी कोरडं पडतं ते हेच. सील गळायला लागतं तेही याच तोंडाशी.

फोर बाय फोर गाड्यांना मागच्यासारखंच पुढेही एक डिफरन्शियल असतं. पुढची चाकं हबपासून सुटी करण्याची सोय नसेल, तर गाडी टू-व्हील ड्राइव्हवर असतानाही पुढच्या डिफरन्शियलचे भाग फिरत राहतात. 'आम्ही फोर बाय फोर वापरतच नाही, मग बेअरिंग कसं गेलं?' याचं उत्तर बहुधा हेच. बेअरिंग बसवण्याची तत्त्वं दोन्हीकडे सारखी, पण पुढचं खोलण्यासाठी चाकांकडचे शाफ्ट आणि कधी कधी स्टीअरिंगचे भागही सोडवावे लागतात. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला फक्त मागचं डिफरन्शियल असतं, म्हणून इथे त्याचाच विचार केला आहे.

बेअरिंग जातं कशाने?

पहिलं कारण ओव्हरलोड. १.७ टनाच्या गाडीत अडीच टन भरायचे आणि त्याच गाडीने माळशेज चढायचा-उतरायचा, तर बेअरिंगचं आयुष्य कमी होणारच. पण ओव्हरलोड सगळ्यांना माहीत असतो. पाण्याकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली की हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि हाउसिंग बाहेरचं ओढून घ्यायला लागतं. झिजलेल्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत जातं. ब्रीदर म्हणजे हाउसिंगवरचं, हवा येण्या-जाण्याचं छोटं तोंड. ते चिखलाने बुजलं तर उलटाच त्रास: गाडी तापल्यावर आतला दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर फेकलं जातं. दर दोन-चार महिन्यांनी सील बदलूनही गळती थांबत नसेल, तर सीलच्या कंपनीला नावं ठेवण्याआधी ब्रीदर साफ करून बघावा.

तिसरं कारण चुकीचं ऑइल. या डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून त्याला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, बहुतेक गाड्यांना ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचं. इंजिनमधून काढलेलं जुनं ऑइल इथे चालत नाही.

आवाज कुणाचा, हे आधी ठरवा

अंदाजाने डिफरन्शियल खोलणं म्हणजे मजुरी पाण्यात. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज वळणावर एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. पिनियनच्या बेअरिंगचा गुरगुराट वेगाबरोबर वाढतो आणि अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की त्याचा सूर बदलतो. फक्त ताण दिल्यावर किंवा फक्त पाय काढल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर संशय दातांवर घ्यावा.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा आणि पिनियनची फ्लँज हातात धरून वर-खाली, मागे-पुढे हलवायची. या दिशांना जरासुद्धा प्ले जाणवला तर बेअरिंग गेलं. फ्लँज गोल फिरवताना थोडी मोकळीक लागते, ती वेगळी. ती दातांमधली जागा आहे, तिला बॅकलॅश म्हणतात आणि ती असायलाच हवी. या दोन्हींत गफलत करून चांगली डिफरन्शियल खोलली गेल्याची उदाहरणं गॅरेजमध्ये कमी नाहीत.

ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. चमकणाऱ्या कपच्या किंवा तुकडे असतील तर गाडी पुढे नेऊ नये. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलेलं आहे.

काही मिस्त्री मागची दोन्ही चाकं स्टँडवर घेऊन, गाडी गिअरमध्ये फिरवून, लोखंडी सळई कानाला लावून आवाजाची जागा शोधतात. पद्धत बरोबर आहे, धोका मोठा आहे. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे ती चाकं उचलली की हँडब्रेक गाडी धरत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओटी लावल्याशिवाय आणि पक्क्या स्टँडशिवाय हे करू नये. नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. गळ्यातला टॉवेल आधी काढून ठेवावा, शाफ्ट तो कधी ओढेल ते कळत नाही.

कामात खरी मेख प्रीलोडची

ऑइल काढणं, शाफ्ट आणि फ्लँजवर खुणा करून शाफ्ट सोडवणं, एक्सल ओढणं, हे कुठलाही फिटर करतो. काही गाड्यांत पूर्ण डिफरन्शियल पुढून बाहेर येतं, काहींत मागचं झाकण उघडून काम होतं. क्राऊनच्या बाजूच्या बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करायला विसरू नये, त्या अदलाबदल करून चालत नाहीत. खोलण्याआधी बॅकलॅश मोजून लिहून ठेवला तर पुन्हा बसवताना आधार मिळतो.

बेअरिंगचे दोन भाग असतात: रोलर असलेला आतला कोन आणि हाउसिंगमध्ये ठोकून बसवलेला बाहेरचा कप. कप काढायला वेळ लागतो म्हणून जुन्या कपावर नवा कोन बसवायचा, हा शॉर्टकट सर्रास चालतो. जुन्या कपावर झिजेचे पट्टे पडलेले असतात, नवा कोन तिथे फार दिवस टिकत नाही. दोन्ही भाग जोडीनेच बदलावेत. कोन ताठ बसत असेल तर ऑइलमध्ये १०० अंशांपर्यंत तापवून बसवता येतो. गॅसची ज्योत थेट मारली की पोलादाचा कडकपणा जातो.

फक्त पुढचं बदलावं की आतलंही? आतल्या बेअरिंगखाली पिनियनची खोली ठरवणारी शिम असते. पुढचं बदलल्याने ही खोली बदलत नाही, म्हणून काम सोपं आणि स्वस्त पडतं. पण पुढच्या बेअरिंगचे कण ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेले असतात. ऑइलमध्ये धातू दिसला असेल तर पिनियनची दोन्ही बेअरिंगं बदलणंच शहाणपणाचं, आणि क्राऊनच्या बाजूची दोन्हीही खोलून तपासावीत. आतलं बदललं की दातांना रंग लावून ठसा मधोमध उमटतो की नाही हे बघावंच लागतं. बहुतेक हलक्या वाहनांत बॅकलॅश ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तो डायल गेजने मोजायचा, अंगठ्याच्या अंदाजाने नाही.

आता प्रीलोड. पिनियनची दोन्ही बेअरिंगं एकमेकांविरुद्ध किंचित दाबलेली असावी लागतात. दाब कमी पडला तर पिनियन हलतं, जास्त झाला तर बेअरिंग तापून जळतं. अनेक गाड्यांत हा दाब दोन बेअरिंगांच्या मधल्या चेपणाऱ्या नळीवर, म्हणजे क्रश स्लीव्हवर ठरतो. नट आवळत गेलं की स्लीव्ह थोडी थोडी चेपते. नट जास्त आवळला गेला तर सैल करून काही साधत नाही, कारण चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. ती काढून नवी टाकायची आणि पुन्हा सुरुवात करायची. म्हणून इथे हवेच्या गनने शेवटचा आवळा देणं चूक. स्लीव्ह, पिनियनचा नट आणि सील प्रत्येक वेळी नवंच हवं. काही गाड्यांत स्लीव्हऐवजी शिम असतात, तिथे शिम कमी-जास्त करून दाब जमवतात.

दाब मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. क्राऊन बाहेर काढलेलं असताना फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने सावकाश ओढायची आणि पिनियन एकसारखं फिरत असतानाचा आकडा वाचायचा. दोरी केंद्रापासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि काटा ५ किलो दाखवत असेल, तर जोर झाला २५ किलो-सेंटिमीटर. नव्या बेअरिंगला बऱ्याच हलक्या वाहनांत हा आकडा १७ ते ३५ च्या दरम्यान असतो, जुनंच बेअरिंग पुन्हा बसवलं तर कमी. आपल्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधलाच धरावा. गाडी देण्याआधी मिस्त्रीला 'प्रीलोड कसा मोजणार?' एवढं विचारावं. 'हाताला कळतो' असं उत्तर आलं, तर दुसरं गॅरेज बघितलेलं बरं.

बेअरिंग घेताना जुन्यावरचा नंबर बघून तोच मागावा. एसकेएफ, टिमकेन, एनबीसी अशा नावांची नक्कल बाजारात मिळते. पुसट छपाई, सुटं विकलेलं बेअरिंग आणि बिल द्यायला टाळाटाळ असेल तर घेऊ नये. हा खर्च विम्यातून मिळत नाही, साध्या वाहन विम्यात झिजेने झालेला बिघाड धरला जात नाही.

गाडी जोडल्यावर

सुटे भाग हाताशी असतील तर हे साधारण एका दिवसाचं काम आहे. ऑइल भरताना गाडी सपाट जागी असावी आणि ऑइल फिलर प्लगच्या तोंडाशी यावं. पहिले २०-२५ किलोमीटर रिकामी चालवून थांबावं आणि पिनियनच्या तोंडाजवळ हात नेऊन बघावं. कोमट ते गरम ठीक, पण हात क्षणभरही ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त झाल्याचा संशय घ्यावा आणि गाडी लगेच परत न्यावी. त्याच दिवशी माल भरून घाटात उतरू नये. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर ऑइल एकदा बदललं तर सुरुवातीची घासलेली धूळ निघून जाते.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना: घुमणारा आवाज दाबायला डिफरन्शियलमध्ये ग्रीस किंवा फार जाड ऑइल भरलेलं असू शकतं. ट्रायल घेण्याआधी फिलर प्लग उघडून बोट घालून बघावं. बोटाला ग्रीसचा गोळा लागला, तर किंमत ठरवताना क्राऊन-पिनियनचा खर्च आधीच धरावा.