खडू, पटाशी आणि सरस

श्वास जरा बेतानं घ्या, नाहीतर ठसका लागेल. हवेत महोगनीचा भुगा आहे, मिरपुडीसारखा नाकात शिरणारा. आणि त्यावर उकळलेल्या कातड्याचा तो उग्र वास. सरस शिजतोय.

तुम्ही आहात पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी, नॉर्थ स्ट्रीटवरच्या मार्टिन गिटार कारखान्यात. 1935च्या आगेमागे, भर जानेवारीत. बाहेर बर्फ, बर्फावर सिमेंटच्या कारखान्यांची राखाडी धूळ. आत मात्र बाह्या सारा, कारण गारठ्यात सरस हातातल्या हातात आळतो, म्हणून खोली चांगली तापवलीय. पलीकडे करवत किंचाळतेय. शेजारचे दोघं इथल्या गावठी जर्मनमध्ये एकमेकांची खेचताहेत, बहुधा तुमचीही. दाटी इतकी की पटाशी उचलली की कुणाच्या तरी कोपराला धक्का.

घ्या, ही गिटारची मान. टाचेला डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखा निमुळता खुंट, धडात तशीच खाच. वरून दाबा. डुलते ना? खाचेला खडू फासा, पुन्हा बसवा, काढा. पांढरा डाग उमटला तेवढंच लाकूड घासतंय, तेवढंच तासा. पुन्हा खडू. पुन्हा दाबा. घामाचा थेंब खाचेत पडू देऊ नका, काम शिकवणारा म्हातारा बघतोय.

घट्ट बसली? शाबास, पण खरी गोम पुढेच आहे. फ्रेटांवर पोलादी पट्टी ठेवा, घोडी तिच्या जागी नुसती टेकवा. पट्टीचं टोक घोडीच्या माथ्यावरून अलगद जायला हवं. तुमचं खाली धडकतंय, म्हणजे मान पुढे वाकलीय. टाचेच्या खालच्या अंगानं, जिथे ती धडाला टेकते तिथे, अर्धा मिलिमीटर काढा. घोडीपाशी पट्टी जवळजवळ दीड मिलिमीटर वर येईल. जास्त काढलंत तर लाकूड परत चिकटवता येत नाही. पोलादी तारा पाऊणशे किलोच्या आसपास ओढ लावणार आहेत. कोन चुकला तर तारा फ्रेटांपासून उंच राहतील आणि वाजवणाऱ्याची बोटं सोलून निघतील.

गंमत म्हणजे व्हिएन्नात कसब शिकलेल्या मूळ मार्टिनसाहेबांच्या सुरुवातीच्या काही गिटारींची मान घड्याळाच्या किल्लीनं वरखाली करता यायची. कसलं सुख! तुमच्या नशिबी किल्ली नाही, पटाशी आहे.

आता मान डावी-उजवीकडे झुकलेली नाही ना, तेही बघा. मधली रेघ जुळली की सरस घ्या. बोटं भाजतील, भाजू द्या. फुंकर मारत बसलात तर सरस गोठेल. लावा, दाबा, शिकंजा आवळा, बाहेर आलेला सरस ओल्या फडक्यानं पुसा.

म्हातारा मान हलवतो आणि दुसरं धड पुढ्यात सरकवतो. मघाच्या मापावर विसंबू नका, याची खाच केसभर निराळी आहे. खडू कुठे ठेवलात?