मुम्मुणीच्या कन्येचे पितृकुळ

अंबरनाथ येथे वालधुनी नदीच्या काठी उभ्या असलेल्या शिवालयातील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा असून, त्यात उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी, ज्याला मामवाणी असेही म्हणत, याचे नाव आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लेखातील शक प्रथम 782 असा वाचला होता; भगवानलाल इंद्रजी यांनी तो 982 असल्याचे दाखवले, आणि एका अंकाच्या दुरुस्तीने मंदिराचा काळ दोनशे वर्षांनी अलीकडे आला. या मुम्मुणीच्या एका कन्येचे पितृकुळ नऊ पिढ्या मागे नेता येते.

त्याचे मुख्य साधन ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली दानपत्रे. त्यांत दानाच्या तपशिलापूर्वी दात्याच्या पूर्वजांची प्रशस्ती, म्हणजे स्तुतिपर वंशवर्णन, येते. छित्तराजाचा शके 948 चा भांडुप ताम्रपट आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याचे ताम्रपट यांवरून मुम्मुणी, त्याचा पिता वज्जड, आजा अपराजित, पणजा पहिला वज्जड, त्यापूर्वी गोग्गी, वप्पुवन्न, धाकटा कपर्दी, पुल्लशक्ती व पहिला कपर्दी अशी परंपरा लागते, आणि पुल्लशक्ती राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा मांडलिक होता याला कान्हेरीच्या लेण्यांतील लेख दुजोरा देतो. त्याही मागे प्रशस्तिकार गरुडाला आत्मदान करणाऱ्या जीमूतवाहन विद्याधरापर्यंत जातात. ती राजघराण्याची हौस समजून बाजूला ठेवावी.

या प्रशस्त्या गादीचा क्रम सांगण्यासाठी रचलेल्या असल्याने ही कन्या माहेरच्या नव्हे, तर सासरच्या लेखात भेटते. धारवाडजवळील नरेंद्र येथील, गोव्याच्या कदंबांच्या बाराव्या शतकातील शिलालेखात असे वर्णन आहे की, समुद्रमार्गे सौराष्ट्राकडे गेलेल्या कदंब राजा षष्ठदेवाची कीर्ती ऐकून ठाण्याच्या मुम्मुणीने त्याला आपल्या राजवाड्यात नेले, आपली कन्या दिली आणि जावयाला पाच लाख सुवर्ण अर्पण केले. या प्रसंगात वधूचे नाव सांगण्याची गरज कवीला वाटली नाही, सोन्याचा आकडा मात्र तो विसरला नाही.

इंग्लंडमध्ये 1538 साली थॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी सुरू झाल्या, त्यामुळे तेथील सामान्य घरातील स्त्रीचेही मूळ पुष्कळदा शोधता येते. येथे राजकन्येसाठीसुद्धा दोन घराण्यांचे लेख जुळवावे लागतात. म्हणून शिलाहारांचा वंशवृक्ष मांडणाऱ्याने हा विवाह तळटीपेत न टाकता मुम्मुणीच्या नावाखाली, वृक्षातच दाखवावा.