टाक्याला धनी कोण?

१९२६ साली पॅरिसच्या लुई व्हितों या पेढीने बडोद्याच्या महाराजांसाठी एक पेटी तयार केली. चहाची पेटी. प्रवासात कुठेही मुक्काम पडावा, पेटी उघडावी आणि चहाचा सगळा सरंजाम आपापल्या कप्प्यात जागच्या जागी सापडावा, अशी तिची रचना. हे महाराज म्हणजे सयाजीराव गायकवाड, तिसरे. १८६३ मध्ये नाशिककडच्या कवळाण्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला गोपाळ, जो १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव झाला, तोच हा राजा. बडोद्यात कारागिरीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देण्यासाठी १८९० मध्ये कलाभवन काढणाराही तोच.

या पेटीबद्दल वाचताना राजेशाही थाटापेक्षा मला एका वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे. एवढे पैसे मोजून गिऱ्हाईक नेमके काय विकत घेत होते? चामडे? कारागिराचे कसब? की आणखी काही? या माणसाच्या आयुष्यात चामड्याच्या धंद्याची दोन टोके एकत्र आलेली आहेत, एकीकडे कवळाण्यासारख्या गावातला बलुतेदार चांभार आणि दुसरीकडे पॅरिसचा पेटीवाला. दोघांकडे नीट पाहिले तर उत्तर थोडे जवळ येते.

आधी पेटीवाल्याकडे जाऊ. लुई व्हितों हा १८२१ मध्ये ज्युरा डोंगराच्या मुलखात जन्मलेला गरीब घरातला मुलगा. पोरवयात घर सोडून तो पायी पॅरिसला गेला आणि मारेशाल नावाच्या एका पेटीवाल्याकडे उमेदवारीला राहिला. तेव्हा हा धंदा नुसत्या पेट्या करण्याचा नव्हता. श्रीमंतांच्या घरी जायचे, त्यांचे झगे, टोप्या, काचसामान पाहायचे, त्या मापाची खोकी करायची आणि स्वतःच्या हाताने सगळे भरून द्यायचे, असे दुहेरी काम होते. सम्राज्ञी युजेनीचे कपडे भरणारा माणूस म्हणून लुईचे नाव झाले ते यातूनच. १८५४ मध्ये त्याने स्वतःचे दुकान काढले. त्या काळी पेट्यांची झाकणे पावसाचे पाणी ओघळून जावे म्हणून घुमटाकार असत. याने सपाट झाकणाची पेटी काढली आणि पाणी लागू नये म्हणून वरून खास लेप दिलेले कापड बसवले. आगगाडीच्या डब्यात, बोटीच्या तळघरात पेटीवर पेटी रचता येऊ लागली. गिऱ्हाइकाच्या घरात बसून सामान भरल्याशिवाय असली गोष्ट सुचत नाही.

त्याहूनही मला आवडतो तो कुलपाचा प्रकार. १८९० च्या सुमारास लुई आणि त्याचा मुलगा जॉर्ज यांनी सहजासहजी न उघडणारे एक कुलूप तयार केले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक क्रमांक दिला. तो क्रमांक पेढीच्या वहीत नोंदलेला. पुढे कितीही पेट्या घेतल्या तरी सगळ्यांना एकच किल्ली. विकलेली वस्तू आणि ती घेणारा माणूस, दोघांची ओळख त्या वहीत राही. जॉर्जचा आपल्या कुलपावर इतका विश्वास की त्याने हुदिनी या जगप्रसिद्ध जादूगाराला वर्तमानपत्रातून जाहीर आव्हान दिले, आमच्या पेटीतून सुटून दाखव! हुदिनीने काही ते मनावर घेतले नाही.

पेटी गाजली तसे नक्कल करणारेही आले. १८८८ मध्ये चौकटीचे कापड काढले, त्यावर नोंदणीकृत खूण छापली, तरी नकला थांबेनात. लुई १८९२ मध्ये वारला आणि १८९६ मध्ये जॉर्जने वडिलांची आद्याक्षरे आणि फुलांची नक्षी असलेले कापड आणले. आज विमानतळावर दर दहा पावलांवर दिसते ते हेच. मूळ हेतू गिऱ्हाइकाचे रक्षण हा होता. ही खूण दिसली की माल आमचा, काही बिघडले तर आमच्याकडे या. पुढच्या शंभर वर्षांत मात्र उलटापालट झाली. खूण मालाची साक्ष देण्यासाठी होती, ती स्वतःच माल झाली. आणि गंमत म्हणजे, ज्या बॅगांना लोक सर्रास ‘लेदर’ म्हणतात त्या नक्षीदार बॅगांचा मोठा भाग लेप दिलेल्या कापडाचाच असतो. चामडे असते ते पट्ट्यांना, मुठीला आणि कडांना. यात फसवणूक काही नाही, पेढी ते लपवत नाही. पण विचारायचे कुणाला सुचते?

खऱ्या चामड्याच्या कामात विचारायचा पहिला प्रश्न टाक्याचा असतो. इथे पॅरिसमधलीच दुसरी पेढी आठवते. थिएरी एर्मेस याने १८३७ मध्ये ती काढली, तीही घोड्यांच्या साजासाठी. साजाची शिवण उसवली तर नुसते नुकसान होत नाही, घोडा उधळतो आणि माणूस मरतो. म्हणून खोगीरवाल्यांचा टाका वेगळा. एकच लांब, मेण लावलेला तागाचा दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचे आणि त्याच भोकातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी ओवायच्या. काम गुडघ्यांत धरलेल्या लाकडी चिमट्यात अडकवलेले, दोन्ही हात मोकळे. असा टाका एका जागी तुटला तरी शेजारचा सुटत नाही, कारण प्रत्येक भोकात दोऱ्याचे दोन पदर असतात. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक झिजला की ओळच्या ओळ उसवत जाण्याची भीती.

या पेढीच्या प्रसिद्ध हातबॅगा आजही याच टाक्याने शिवतात. एक बॅग साधारणपणे एकच कारागीर पहिल्यापासून शेवटपर्यंत करतो, त्यात त्याचे पंधरा-वीस तास किंवा जास्तही जातात, आणि आत कुठेतरी त्याची खूण उमटवलेली असते. दुरुस्तीसाठी बॅग परत आली की ती कुणाच्या हातची हे त्या खुणेवरून कळते. नव्या मालाचे कौतुक सगळेच करतात हो, पण विकलेला माल दहा-वीस वर्षांनी परत घ्यायला दार उघडे आहे की नाही, यावरून मी तरी दुकानाची पारख करीन.

मात्र त्याच दुकानात शिरणे हा आता स्वतंत्र विषय झाला आहे. १९८४ मध्ये जेन बर्किन या अभिनेत्रीच्या नावाने निघालेली बॅग नुसते पैसे घेऊन गेले म्हणून मिळत नाही, ती कुणाला दाखवायची हे दुकान ठरवते. बॅग हवी तर आधी आमच्या चपला, रुमाल, दागिने घ्या असे सुचवले जाते, अशी तक्रार करत कॅलिफोर्नियातल्या गिऱ्हाइकांनी मार्च २०२४ मध्ये खटला भरला. २०२५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण कारागीर पेटी भरायला घरी येत असे तिथपासून गिऱ्हाइकाने दुकानदाराची मर्जी संपादन करण्यापर्यंतचा प्रवास पाहिला की सेवा कोण कुणाची करतो आहे असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता दुसरे टोक. आपल्या गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. कातडी कमावण्याचे काम ढोरांचे आणि त्यातून वस्तू करण्याचे चांभारांचे, अशी पुष्कळ ठिकाणी वाटणी होती. वहाणा तर झाल्याच, पण त्याहून निकडीची वस्तू म्हणजे मोट. विहिरीवर बैल जुंपलेले, पाटात पाणी चाललेले आणि मोटेला भोक पडले की शिवार थांबले. त्या वेळी चांभाराला उद्या येतो म्हणायची सोय नव्हती. वर्षभर वहाणांची दुरुस्ती, मोटेची ठिगळे, आसुडाची वादी, आणि मोबदला सुगीत खळ्यावर मिळणारे धान्य. आजच्या भाषेत बोलायचे तर ही आयुष्यभराची हमी होती. गिऱ्हाईक कारागिराला ओळखत होते, कारागीर गिऱ्हाइकाच्या पायाचा चवडा ओळखत होता.

पण हे चित्र रम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पॅरिसचा पेटीवाला सम्राज्ञीच्या दालनात जाऊन तिचे कपडे हाताळत होता. आपल्याकडे ज्याने केलेली वहाण पायात घालायची त्याला ओसरीच्या खाली उभे राहावे लागे. खळ्यावर किती पायल्या पदरात पडतील ते देणाऱ्याच्या हातात. लुईला नाव कमावता आले, दुकान बदलता आले, दर ठरवता आला. बलुतेदाराला यातले काहीच करता येत नव्हते. हुन्नर तोच, आरी तीच, फरक होता तो माणसाच्या किमतीत.

याच परंपरेतून आली ती आपली कोल्हापुरी. आम्हा गोवेकरांकडे ती बरेचदा घाट उतरून बेळगावच्या बाजारातून येते आणि तिथे थोडी चौकशी केली की कळते, ‘कोल्हापुरी’ म्हणून हातात पडलेला जोड अथणी किंवा निपाणीकडचा आहे. चामडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेले. त्याच्या एका पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून त्यात सालीचे पाणी भरून टांगतात. तळ, टाच, कान, अंगठा, पट्टा, वर वेणी. खिळा म्हणून कुठे नाही, शिवण चामड्याच्याच वादीने. वेण्या वळण्याचे, बारीक शिवणीचे काम पुष्कळदा घरातल्या बायका करतात. नवी चप्पल चावते, तेव्हा अंगठ्याला आणि पट्ट्याला तेल चोळून रात्रभर ठेवायची, पावसाळ्यात ती माळ्यावर टाकायची, हे सगळे विकणाराच सांगतो, आणि न सांगता विकणारा बहुधा कारागीर नसतो.

पूर्वी या चपलांना निरनिराळी नावे होती, कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. नावावरून घडण कळे, कापशीसारख्या नावावरून गावही कळे. मग मोठ्या बाजारपेठेचे एकच नाव सगळ्यांवर बसले आणि गावे पुसली गेली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते दोन राज्यांना मिळून, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून इतकी वर्षे भांडणाऱ्या दोन सरकारांना एका चपलेने एका कागदावर आणले, हे काही थोडे नाही.

त्यानंतरची गोष्ट ताजी आहे. २२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडा या पेढीच्या पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात अंगठ्याच्या, टी आकाराच्या पट्ट्याच्या चपला दिसल्या. ओळख काय, तर चामड्याच्या सँडल! कोल्हापूरचे नाव नाही, अथणीचे तर नाहीच नाही. आरडाओरडा झाल्यावर पेढीने महाराष्ट्रातल्या व्यापारी संघटनेला पत्र पाठवून प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैमध्ये फेटाळली गेली. पेढीचे लोक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये करार झाला. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे, म्हणजे महाराष्ट्राचे संत रोहिदास आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवन राम यांच्या नावाचे, त्यात सामील. महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड करायचे आणि साधारण ८०० युरोंना विकायचे, असे जाहीर झाले. रुपयांत हे ऐंशी हजारांच्या वर जाते.

आकडा ऐकून डोळे पांढरे होतात खरे, पण इटलीतच तयार झालेल्या मालाचे काय? मिलानच्या न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिओरची बॅगा बनवणारी उपकंपनी देखरेखीखाली घातली तेव्हा तपासात पुढे आले की २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जुळणीचे उपकंत्राटदाराला ५३ युरो मिळत होते. चामडे आणि बाकी साहित्य वेगळे धरूनही! देखरेख पुढे २०२५ मध्ये मुदतीआधी उठली, पेढीने कारभार सुधारल्याचे न्यायालयाने मान्य केले. तरी ‘मेड इन इटली’ या तीन शब्दांमागे कुणाचे हात आहेत, हे गिऱ्हाइकाला एका न्यायालयाकडून कळावे लागले.

कोल्हापुरीच्या ऐंशी हजारांतला वाटा अथणीच्या घरापर्यंत किती पोचेल, आणि युरोपात त्या जोडाची वादी तुटली तर तो शिवायला कोण बसेल, हे दोन प्रश्न मला चोरीच्या आरोपापेक्षा मोठे वाटतात. वादीने शिवलेली चप्पल खरे तर दुरुस्तीसाठीच जन्माला आलेली असते. टाच झिजली, नवा थर लावा. शिवण सुटली, वादी ओवा. आरी आणि रापी चालवणारा माणूस तेवढा जवळ हवा.

मध्यंतरी एक छोटी गोष्ट घडली, तिची बातमी मात्र प्राडाच्या गदारोळात कुणी फारशी वाचली नसावी. महाराष्ट्राच्या महामंडळाने मानांकन असलेल्या चपलांना क्यूआर संकेताची चिठ्ठी लावायला घेतली. मोबाइल समोर धरला की जोड कुठल्या गावी झाला, चामडे कोणते, मानांकन खरे की खोटे, हे दिसते, आणि त्या यादीत कारागिराचे नावही असते.